कोनशिलेवर नसलेलं नाव

बार्थोलोम्यू काउंटीत गेल्यावर मला सगळ्यात आधी चकित केलं ते तिथल्या तुरुंगानं. साल २००५. कोथरूडहून कंपनीच्या कामासाठी मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या गावात नुकतीच पोहोचले होते. ऑफिसातल्या एक वयस्क बाई मला गाडीतून गाव दाखवत होत्या. कोर्टहाऊसजवळच्या एका विटांच्या नेटक्या इमारतीकडे बोट करून त्या म्हणाल्या, ‘‘हे डॉन हिसाकांचं काम. १९९०चं.’’ मला वाटलं, नाट्यगृह असेल, नाहीतर कॉलेज. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘जेल.’’

तुरुंग दाखवताना आर्किटेक्टचं नाव आधी सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. येरवड्याच्या तुरुंगावरून मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन. तो कुणी आखला, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. त्या बाईंना मात्र गावातल्या शाळा, फायर स्टेशन, पोस्ट ऑफिस अशी प्रत्येक इमारत कर्त्याच्या नावासकट पाठ होती. त्या काही वास्तुकलेच्या अभ्यासक नव्हत्या. आमच्या हिशेब खात्यात होत्या.

पुढची चार वर्षं मी त्या गावात राहिले. तेव्हापासून सार्वजनिक इमारत पाहिली की एक खोड मला लागली आहे. तिच्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आधी जागा सांगते. इंडियानात ९२ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा, पण आकारानं आणि वस्तीनं तालुक्याएवढा. २०२०च्या जनगणनेत बार्थोलोम्यूची लोकसंख्या ८२,२०८ भरली. त्यातले ५०,४७४ लोक कोलंबस या मुख्य गावात राहतात. बाकी सगळीकडे मका आणि सोयाबीन. अशा गावाचं आणि पुण्याचं नातं जुळलं ते इंजिनांमुळे. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी मूळची कोलंबसची. १९६२ साली ती किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली आणि कोथरूडला कारखाना उभा राहिला. मी कर्वेनगरच्या ज्या मुलींच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकले, त्याच्या नावातही तीच कंपनी आहे. त्यामुळे कोलंबसच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर आइस्क्रीम खाताना मागून ‘‘अगं, सांडेल ते!’’ असं कानावर आलं, तर दचकायचं कारण नसतं.

काउंटी स्थापन झाली १८२१ साली. गावासाठी जमीन दिली जनरल जॉन टिप्टन यांनी, आणि गावाला आधी त्यांचंच नाव दिलं गेलं. पण काही दिवसांतच कारभाऱ्यांनी नाव बदलून ‘कोलंबस’ केलं. टिप्टन भयंकर रागावले, असं तिथे अजून हसत सांगतात. जमीन देणाऱ्याचं नाव गावाला लागलंच पाहिजे असं नाही, हा धडा गावानं पहिल्याच वर्षी गिरवला म्हणायचा.

गावाच्या मध्यभागी १८७४ सालचं कोर्टहाऊस आहे. लाल विटा, त्यावर चुनखडीचे पट्टे, आणि उंच घड्याळाचा मनोरा. मूळ आयर्लंडचे आयझॅक हॉजसन यांनी ते आखलं. याच हॉजसननी लगेच दोन वर्षांनी राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिसमध्ये, याहून कितीतरी भव्य कोर्टहाऊस उभं केलं. ते राजधानीवाल्यांनी १९६२ साली पाडलं. लहान गावातलं उभं आहे आणि अजून वापरात आहे. लोक तिथे खटल्यांसाठी येतात, कागदपत्रांसाठी येतात, हिवाळ्यात पायऱ्यांवरून घसरतात. जतन केलेलं स्मारक आणि वापरातली इमारत यातला फरक मला तिथे समजला.

कोर्टहाऊसच्या आवारात १९९७ साली उभारलेलं युद्धस्मारक आहे. चुनखडीचे पंचवीस चौकोनी खांब, प्रत्येकी चाळीस फूट उंच, दाटीवाटीनं उभे. बाहेरून पाहिलं तर नुसते दगड. आत शिरलं की खांबांवर कोरलेली नावं दिसतात, विसाव्या शतकातल्या युद्धांत मेलेल्या काउंटीतल्या मुलांची. आणि नावांच्या सोबतीला त्यांनी घरी लिहिलेली पत्रं. हवापाणी, जेवण, ‘काळजी करू नकोस’. दोन खांबांमधली वाट एवढी अरुंद आहे की पत्र वाचायला दगडाच्या अगदी जवळ जावं लागतं. मी गेले त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ बोटानं ओळी चाचपत वाचत होते. तिथे पुतळा नाही, तोफ नाही, रणगाडा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्याशा गावात हे आलं कुठून?

कमिन्स कंपनी सुरू झाली १९१९ साली. क्लेसी कमिन्स हा गावातल्या बँकर आयर्विन घराण्याचा गाडीचालक आणि मेकॅनिक. डोक्यात डिझेल इंजिनाचं वेड. मालकानं पैसे घातले आणि कंपनी निघाली. कित्येक वर्षं ती तोट्यातच होती. तिला नावारूपाला आणलं ते त्याच घराण्यातल्या जे. आयर्विन मिलर यांनी. मी कोलंबसला पोहोचले त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, ते गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलांची संख्या भराभर वाढली, शाळा पुरेनात, आणि घाईघाईत बांधलेल्या शाळा बघवत नव्हत्या. त्यातच चांगले इंजिनीअर या आडगावात यायला तयार नव्हते. तेव्हा मिलर यांनी शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. इमारत तुम्ही बांधा, तुमच्या पैशांनी बांधा. आर्किटेक्टची फी मात्र आमचं फाउंडेशन देईल. अट एकच, देशातल्या उत्तम आर्किटेक्टांची यादी आम्ही देऊ, त्यातला एक तुम्ही निवडा.

पहिली शाळा १९५७ साली हॅरी वीज यांनी बांधली. नंतर शाळांच्या जोडीला बाकीच्या सार्वजनिक इमारतीही या योजनेत आल्या. १९६८चं चौथ्या नंबरचं फायर स्टेशन रॉबर्ट व्हेंचुरी यांचं. आम्ही राहायचो तिथून कामाला जाताना ते कधीकधी वाटेत लागायचं. पांढऱ्या विटांचा दर्शनी भाग, त्यावर पाइप वाळत घालायचा अर्धगोल मनोरा आणि मनोऱ्यावर भलामोठा ‘४’. बस्स. आगीचा बंब कुठे आहे हे धुरात घाबरलेल्या माणसालाही कळावं, एवढंच काम त्या आकड्याला. आम्ही इंजिनाच्या भागांवर नंबर टाकतो तो असाच, शोधायला लागू नये म्हणून. व्हेंचुरींचं वास्तुकलेच्या इतिहासात काय स्थान आहे ते मला नंतर कळलं. फायर स्टेशन मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं.

माझा मुक्काम जास्त असायचा ग्रंथालयात. काउंटीचं ग्रंथालय, १९६९ सालचं, आय. एम. पेई यांनी आखलेलं. पॅरिसला लूव्र संग्रहालयापुढे काचेचा पिरॅमिड उभारणारे तेच हे पेई. त्यांनी या पन्नास हजारांच्या गावातल्या ग्रंथालयाला एक विटांचं पटांगण दिलं, आणि त्या पटांगणात १९७१ पासून हेन्री मूर यांची वीस फुटी ब्राँझची कमान उभी आहे. रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेन यांचं १९४२ सालचं चर्च. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. शनिवारी ‘गोष्टीच्या तासा’ला तिला घेऊन जायचे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर सगळी पोरं त्या कमानीतून पळापळी करायची, तिच्या पायाला हात लावून ‘घर’ म्हणायची. जगातल्या एका थोर शिल्पकाराच्या कामाला माझ्या मुलीनं लपाछपीत ‘राज्य’ घेण्यासाठी वापरलं आहे. पहारेकरी नव्हता, दोरी नव्हती, ‘हात लावू नये’ची पाटी नव्हती.

मला इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आपल्याकडे ही कथा सांगितली की लोक लगेच म्हणतात, ‘‘हां, म्हणजे सीएसआर.’’ तसं नाही. कंपनीनं इमारत बांधून दिली असती, तर तिच्यावर कंपनीचं नाव लागलं असतं आणि गावानं आभार मानून टाळ्या वाजवल्या असत्या. इथे बांधकामाचा पैसा करदात्यांचा, जागा सार्वजनिक, निवड निवडून आलेल्या मंडळाची, आणि मालकी गावाची. कंपनीनं फक्त आखणीचा खर्च उचलला. इमारतीच्या एकूण खर्चात तो हिस्सा लहानच असतो. पण इमारत पन्नास वर्षं कशी वागणार, ते त्या लहान हिश्श्यात ठरतं. प्रॉडक्शन लाइनवर तीस वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, ड्रॉइंगवर वाचवलेला रुपया शॉप फ्लोअरवर दहापट होऊन परत येतो.

इमारतींचं कौतुक पुष्कळ लोकांनी केलं आहे. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेनं १९९१ साली शिकागो, न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि वॉशिंग्टन यांच्यानंतर सहावा नंबर या गावाला दिला. पण त्या इमारतींच्या आत चालतं काय, याबद्दल कमी बोललं जातं. आणि मला खरी मजा तिथेच आली.

आपल्या जिल्ह्यात सगळे धागे कलेक्टरच्या हातात. तिकडे कलेक्टर नाहीच. तीन निवडून आलेले कमिशनर कारभार पाहतात. तिजोरीची किल्ली सात जणांच्या काउंटी कौन्सिलकडे, तेही निवडून आलेले. शिवाय शेरीफ, ऑडिटर, ट्रेझरर, असेसर, रेकॉर्डर, क्लार्क, सरकारी वकील, कॉरोनर आणि सर्व्हेअर, प्रत्येकाची वेगळी निवडणूक, तीही पक्षाच्या चिन्हाखाली! मृत्यूचं कारण ठरवणारा कॉरोनर डॉक्टर असायलाच हवा, अशी सक्तीही नाही. त्याखाली डझनभर टाउनशिप, त्यांचे निवडलेले ट्रस्टी. मतपत्रिका म्हणजे लग्नाच्या याद्या.

शेजारच्या निवृत्त शिक्षिका मला एकदा ड्रेनेज बोर्डाच्या बैठकीला घेऊन गेल्या. तिथली शेतं मुळात पाणथळ. जमिनीखाली पुरलेल्या पाइपांमधून पाणी ओढ्यात सोडल्याशिवाय मका उगवत नाही. म्हणून नाले ही तिथे राजकारणाची गोष्ट. टोपी काढून एक शेतकरी उठला आणि म्हणाला, आमच्या बांधाखालचा पाइप फुटलाय, दोन पावसाळे झाले. समोर तिन्ही कमिशनर, शेजारी निवडून आलेला सर्व्हेअर. सर्व्हेअरनं नकाशा उघडला, पाइप कुठला ते दाखवलं, फंडात किती शिल्लक आहे ते सांगितलं आणि कुठल्या महिन्यात काम होईल ते वहीत लिहून घेतलं. सात मिनिटं. शेतकरी मान हलवून बसला. जाताना मात्र शेजारणीच्या कानात म्हणाला, ‘‘नाही केलं तर बघतो पुढच्या इलेक्शनला.’’ ते ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

या पद्धतीत सगळं गोड नाही. राज्यानं नेमलेल्या एका समितीनं, माजी गव्हर्नर जो कर्नन आणि सरन्यायाधीश रँडल शेपर्ड यांच्या नेतृत्वाखाली, २००७ साली स्पष्ट सांगितलं की एवढी पदं कशाला? तिघांऐवजी एकच कारभारी निवडा, टाउनशिपा मोडीत काढा. बहुतेक शिफारशी कपाटातच राहिल्या, कारण पद मोडायचं तर ते पद भोगणाऱ्यांच्याच पक्षानं मोडायचं. शिवाय काउंटी वर्षानुवर्षं रिपब्लिकनांची. कित्येक पदांना समोर उमेदवारच नसतो, आणि खरी लढत पक्षाच्या प्राथमिक फेरीतच संपते. निवडणूक आहे पण निवड नाही, ही अवस्था आपल्यालाही नवी नाही.

पण एकाच पक्षाचा गड असला म्हणजे सगळे एकाच सुरात गातात, असंही नव्हे. मिलर रिपब्लिकनच. पण १९६० ते १९६३ या काळात देशातल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष असताना ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ठाम उभे राहिले आणि १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाला त्यांनी बळ दिलं. १९६७ साली ‘एस्क्वायर’ मासिकानं त्यांना मुखपृष्ठावर घेतलं आणि हा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हावा असं सुचवलं. त्याच कोलंबसमध्ये १९५९ साली माइक पेन्स जन्मले. तेही रिपब्लिकन, पण वेगळ्याच वळणाचे. गव्हर्नर असताना मार्च २०१५ मध्ये त्यांनी ‘धार्मिक स्वातंत्र्या’च्या नावाचा कायदा सही करून आणला. दुकानदाराला समलिंगी ग्राहक नाकारायची मुभा त्यातून मिळेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. त्याला उघड विरोध करणाऱ्यांत पेन्स यांच्या जन्मगावातली सगळ्यात मोठी कंपनी, कमिन्स, होती. आठवडाभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे पेन्स उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्या वादाच्या वेळी मी पुण्यात होते. तिकडच्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, ‘‘एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या पाट्या लागल्यात, आणि रविवारी सगळे एकाच चर्चमध्ये शेजारी बसतात.’’

आता कौतुकाची दुसरी बाजू. एका कंपनीवर, एका घराण्यावर उभं असलेलं गाव नाजूक असतं. यादी देणारा कोण? त्याची आवड तीच गावाची आवड, हे कुणी ठरवलं? हा प्रश्न कोलंबसमध्येही विचारला जायचा, आणि तो रास्त आहे. मिलर सुजाण निघाले. प्रत्येक गावाच्या नशिबी असा धनिक नसतो. आणि नावाजलेला आर्किटेक्ट म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. ७ जून २००८, शनिवार. रात्रंदिवस कोसळलेल्या पावसानं हॉ क्रीक हा एरवी उडी मारून ओलांडावा असा ओढा फुगला आणि काउंटीच्या रुग्णालयात शिरला. रुग्णालयाची इमारत रॉबर्ट स्टर्न या बड्या आर्किटेक्टची. तळघरातली यंत्रणा बुडाली, वीज गेली, दीडशेहून अधिक रुग्णांना बाहेर काढावं लागलं. आमच्या घरात पाणी आलं नाही. आम्ही काही जणी शेजाऱ्यांची चिखलानं भरलेली तळघरं उपसत होतो. रुग्णालय काही महिने बंद राहिलं. ओढ्याला कुणाच्या नावाशी देणंघेणं नसतं. मुळा-मुठेच्या पूररेषेत बांधकामं करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

संस्थाही टिकल्या नाहीत. ईरो सारिनेन यांनी १९५४ साली बांधलेली काचेच्या भिंतींची आयर्विन बँक त्या काळी नवल होती. बँक म्हणजे गजांचे पिंजरे असायचे. इथे शेतातल्या कपड्यांनीही माणूस न बिचकता आत यावा, असा हेतू. ती बँक २००९ साली बुडाली. गावाच्या वर्तमानपत्राची काचेची इमारत १९७१ सालची, रस्त्यावरून छपाई दिसावी म्हणून बांधलेली. वर्तमानपत्र तिथून गेलं. ईरो सारिनेन यांच्याच नॉर्थ ख्रिश्चन चर्चचा सुळका १९२ फूट उंच. २०२२ मध्ये तिथली मंडळी इतकी रोडावली की त्यांनी चर्च बंद केलं. पण बँकेच्या इमारतीत नंतर सभा भरू लागल्या, वर्तमानपत्राच्या इमारतीत विद्यापीठाची मुलं वास्तुकला शिकू लागली. धंदा बुडाला म्हणून इमारत पडली नाही, कारण गावाला ती आपली वाटत होती. चांगल्या आखणीची मला यापेक्षा मोठी कसोटी माहीत नाही.

परत आले तेव्हापासून मी आपल्याकडच्या सार्वजनिक इमारती त्या सवयीनं बघते. तलाठी कार्यालय, प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र. एकच ‘टाइप प्लॅन’ कोकणातल्या पावसातही आणि मराठवाड्याच्या उन्हातही. कमीत कमी दराचं टेंडर. खिडकी पश्चिमेला, बाकडं उन्हात, बाईमाणसासाठी स्वच्छतागृह जिन्याखाली, त्याला कुलूप. पैशाची चणचण असते हे खरं. पण खिडकी पूर्वेला ठेवायला पश्चिमेपेक्षा जास्त पैसे लागत नाहीत. लागतो तो आखणाऱ्याचा वेळ, आणि त्या वेळेचे पैसे द्यायची तयारी. बार्थोलोम्यू काउंटीनं ते काम एका कंपनीच्या उदारपणावर चालवलं. आपण ते टेंडरच्या अटींत लिहून करू शकतो. शाळा, दवाखाना, कचेरी बांधायची तर आखणीचा पैसा बांधकामापासून वेगळा ठेवा, तीन आर्किटेक्टांकडून आराखडे मागवा, ते आठवडाभर त्याच गावात भिंतीवर लावा, आणि मग ज्यांना आपण निवडून दिलंय त्यांनी उघड बैठकीत निवड करावी. यात विदेशी असं काही नाही.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका सार्वजनिक इमारतीचं उद्घाटन झालं. मांडव उठल्यावर मी कोनशिला वाचायला गेले. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत अकरा नावं आहेत. शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्षस्थानी, विशेष प्रयत्न. इमारत कुणी आखली ते त्यात नाही. दारातल्या कर्मचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘ताई, ते कंत्राटदाराला माहीत असेल.’’